गायरानाचा धनी कोण? सामाईक जमिनींच्या मालकीवादाचा आढावा

गावाच्या शिवारात कोणाही खातेदाराच्या नावे नसलेली, परंतु साऱ्या गावाच्या नित्य वापरात असलेली जी जमीन असते, म्हणजे गायरान, कुरण, पाणंद, ओढ्याकाठची पड, खळवाडी, मसणवटा, देवराई इत्यादी, तिचा कायदेशीर धनी कोण, हा वाद महाराष्ट्रात निदान दीडशे वर्षे चालू आहे. एवढ्या काळात कायदे झाले, सत्याग्रह झाले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत दावे गेले. तरीही चावडीवर बसलेल्या चार माणसांना आज हा प्रश्न विचारला, तर चार निरनिराळी उत्तरे मिळतात. एक म्हणतो सरकारची, दुसरा म्हणतो ग्रामपंचायतीची, तिसरा म्हणतो गावाची, आणि चौथा, जो बहुधा तीस-चाळीस वर्षे त्या जमिनीचा एखादा तुकडा कसत आलेला असतो, तो म्हणतो कसणाऱ्याची. चौघांच्याही बाजूने एखादे कलम, एखादा शासननिर्णय किंवा एखादा न्यायनिवाडा दाखवता येतो, आणि म्हणूनच या वादाचा आढावा घेताना कोणाही एकाला अडाणी ठरवून पुढे जाणे शक्य होत नाही.

प्रस्तुत लेखाचे मुख्य क्षेत्र महाराष्ट्रातील गायरान हे आहे. गोव्यातील कोमुनिदाद आणि पूर्व विदर्भातील झुडपी जंगल ही त्याचीच दोन भावंडे असल्यामुळे त्यांचाही विचार केला आहे. पंजाब-हरियाणाचा उल्लेख केवळ तुलनेपुरता आहे.

पूर्वपीठिका

प्राचीन ग्रंथांत या प्रश्नाची उत्तरे दोन्ही बाजूंनी काढता येतात, आणि वकिलांनी ती काढलेलीही आहेत. कौटिल्याने नांगराखाली न येणाऱ्या भूमीवर जनावरांसाठी चराऊ राने नेमून द्यावीत असे राजाला सांगितले, म्हणजे नेमून देणारा राजा झाला. मनुस्मृतीने गावाभोवती शंभर धनुष्ये रुंदीचा पट्टा मोकळा ठेवण्याचा नियम सांगितला, म्हणजे तो पट्टा गावाचा झाला. पूर्वमीमांसेत विश्वजित् यज्ञाच्या निमित्ताने तर असा सूक्ष्म विचार येतो की, सर्वस्व दान करण्यास निघालेल्या राजाला भूमी मात्र दान करता येत नाही, कारण ती सर्वांना समान आहे. राजा भूमीचा रक्षक आणि करग्राही असेल, स्वामी नव्हे, हा या विचाराचा मथितार्थ. परंतु त्यावरून प्रत्यक्ष व्यवहारात कोणत्या गावाला कोणता हक्क मिळाला हे सिद्ध होत नाही, एवढी सावधगिरी बाळगणे बरे.

शिवकाल आणि पेशवाईतील कागदपत्रे अधिक भरवशाची आहेत. त्या काळात मिरासदार आणि उपरी असा कुळांचा भेद होता, वतने होती, इनामे होती. पण मनुष्यबळ थोडे आणि पड उदंड अशी परिस्थिती असल्यामुळे चराऊ जमिनीचा मालक कोण हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नसे. विचारला जाई तो शिवेचा प्रश्न. दोन गावांच्या सीमेवरून तंटा लागला की तो गोतसभेपुढे येई, साक्षीपुरावे होत, प्रसंगी दिव्य घेतले जाई, आणि अशा तंट्यात दोन गावांचे पाटील आपापल्या गावाच्या वतीने वादी-प्रतिवादी म्हणून उभे राहत. गाव नावाच्या संस्थेला तंटा करण्याची, जिंकण्याची आणि हरण्याची पात्रता त्या व्यवस्थेत होती ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढच्या काळात नेमकी हीच पात्रता लुप्त झाली.

मोजणी, आकार आणि पड

१८१८ नंतर दख्खनचा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात आला, आणि १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी मोजणीची पद्धत सुरू केली, तीच पुढे मुंबई इलाख्याच्या जमाबंदीचा पाया ठरली. या रयतवारी पद्धतीत सरकारचा व्यवहार गावाशी नसून प्रत्येक खातेदाराशी होता; प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, प्रत्येक नंबरावर आकार आणि प्रत्येक आकारापुढे एक नाव. ज्या जमिनीपुढे नाव नाही ती कोणाची, याचे उत्तर पद्धतीच्या रचनेतच दडलेले होते. उत्तर हिंदुस्थानात चार्ल्स मेटकाफ गावांना छोटी प्रजासत्ताके म्हणत होता आणि हेन्री मेनने पुढे १८७१ मध्ये पूर्व-पश्चिमेच्या ग्रामसमाजांवर ग्रंथ लिहून सामुदायिक मालकी हीच मूळ अवस्था असल्याचे प्रतिपादन केले. पण बेडन-पॉवेलने शतकाच्या अखेरीस या मतावर घणाघात केला आणि दख्खनच्या गावात प्रत्येकाची शेती पहिल्यापासून निरनिराळी होती, पडीक जमिनीवर गावाची सामाईक मालकी तेथे कधी नव्हतीच, असे मांडले. या विद्वत्कलहाचा परिणाम केवळ ग्रंथांपुरता राहिला नाही. १८७८ च्या वन कायद्याच्या पूर्वतयारीत बेडन-पॉवेल सर्व पडीक भूमीवर सरकारच्या निरपवाद स्वामित्वाचा पुरस्कर्ता होता, तर मद्रास सरकारने गावांच्या परंपरागत हक्कांची बाजू हिरीरीने मांडली होती, आणि अखेर पारडे पहिल्या पक्षाकडे झुकले.

मुंबई इलाख्यात १८७९ चा जमीन महसूल कायदा आला. त्याच्या ३७ व्या कलमाने रस्ते, नाले, ओढे आणि इतर कोणाच्या मालकीची नसलेली सर्व जमीन सरकारची असल्याचे घोषित केले. मात्र त्याच कलमात लोकांचे आणि व्यक्तींचे कायदेशीर रीतीने अस्तित्वात असलेले हक्क अबाधित ठेवण्याची अटही घातली. ३८ व्या कलमाने मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्यांना दिला, आणि ३९ व्या कलमाने चराईचा हक्क ज्या गावांच्या मालकीची ती जमीन असेल किंवा ज्या गावांना ती नेमून दिली असेल त्या गावांच्या गुरांपुरता ठरवला. एका कलमात मालक सरकार आणि दोन कलमांनंतर गावाच्या मालकीचीही भाषा, अशी ही रचना आहे. हा मसुद्यातील ढिलेपणा की हेतुपुरस्सर ठेवलेली लवचिकता, हे ज्याने त्याने ठरवावे.

या घडामोडींचा रयतेवर काय परिणाम झाला, याची सर्वांत जुनी आणि सर्वांत धारदार मराठी साक्ष जोतीराव फुल्यांची आहे. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी जंगल खात्याने डोंगर, दऱ्या आणि गायराने आपल्या कक्षेत ओढल्यामुळे अल्पभूधारक शेतकऱ्याला गुरे चारण्याची सोय कशी उरली नाही, याची तक्रार केली आहे. मालकीचा वाद त्यांनी शास्त्रार्थाच्या भाषेत मांडला नाही. परंतु या प्रश्नावरील पुढील सर्व चळवळींचे बीज त्या तक्रारीत आहे.

स्वातंत्र्योत्तर कायदे

स्वातंत्र्यानंतर मध्यस्थ वर्ग नष्ट करणारे कायदे एकामागून एक झाले. कोकणात १९४९ च्या कायद्याने खोती गेली, मराठवाड्यात जहागिरी गेल्या, आणि मध्यप्रांताच्या १९५० च्या कायद्याने विदर्भातील मालगुजारी संपुष्टात आली. खोत, जहागीरदार आणि मालगुजार यांच्या ताब्यातील पड, चराई आणि तलाव सरकारजमा झाले. भंडारा-गोंदियाकडील जे तलाव आज 'मामा तलाव' म्हणून ओळखले जातात, ते म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मध्यस्थ गेला की त्याच्या हातची सामाईक जमीन गावाकडे यावी, अशी एक अपेक्षा होती. कायद्याने ती राज्याकडे नेली.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने जुन्याच चौकटीवर नवे कलमांक घातले. कलम २० मध्ये राज्याची मालकी आली आणि लोकांच्या हक्कांची ती जुनी अटही आली. कलम २२ मध्ये जिल्हाधिकाऱ्याला गायरान, गावठाण, स्मशान, बाजार, कातडी सोलण्याची जागा इत्यादींसाठी जमीन राखण्याचा अधिकार आला. आणि कलम २३ मध्ये चराईचा हक्क त्या त्या गावाच्या गुरांपुरता मर्यादित राहिला. संहितेत विदर्भाच्या परंपरेतून आलेली निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही दोन दप्तरेही आहेत, ज्यांत गावाच्या जळणाचे, चराईचे, वाटेचे आणि मासेमारीचे हक्क लिहून ठेवावयाचे असतात. माझ्या मते या संहितेतील सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत उपेक्षित असा हा भाग आहे, कारण मालक कोण या प्रश्नाला बगल देऊन वापर कोणाचा हे तो नोंदवतो.

याच्या जोडीला १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आहे. त्याच्या ५१ व्या कलमानुसार राज्य सरकार आपल्या मालकीच्या मोकळ्या जागा, पडीक व चराऊ जमिनी आणि रस्ते पंचायतीकडे सोपवू शकते, आणि सार्वजनिक प्रयोजनासाठी त्या परतही घेऊ शकते. पंचायतीला अतिक्रमण हटवण्याचे अधिकार आहेत, जमिनीची देखभाल तिने करावयाची असते, परंतु सातबाऱ्याच्या उताऱ्यावर बहुधा 'महाराष्ट्र शासन' हेच नाव असते आणि शेजारी 'गुरचरण' असा शेरा. गावकरी त्या जमिनीला आमची म्हणतात, सरपंच तिला पंचायतीची म्हणतो, तलाठी सरकारची म्हणतो, आणि सारे एकाच उताऱ्याकडे बोट दाखवतात.

परस्परविरोधी भूमिका

पहिली भूमिका राज्याची. तिचे म्हणणे असे की, सामाईक जमीन एखाद्या गावाच्या हाती सोपवली तर ती गावातील प्रबळांच्या हाती जाते. शिवाय शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, धरणग्रस्तांचे पुनर्वसन, वीजकेंद्र अशी सार्वजनिक प्रयोजने गावाच्या सीमेत मावत नाहीत, आणि म्हणून अंतिम मालकी राज्याकडे असणेच श्रेयस्कर. ही भूमिका हास्यास्पद नाही. तिच्यावरचा आक्षेप असा की, राज्य विश्वस्ताच्या नात्याने बोलते आणि मालकाच्या नात्याने वागते. संहितेत अलीकडे जोडलेल्या कलम २२-अ ने गायरानाच्या अन्य वापराला मनाई करूनही शासकीय प्रकल्पांसाठी अपवादाचे दार ठेवले आहे. शेतीपंपांना दिवसा वीज देण्याच्या सौर योजनेसाठी गायराने भाडेपट्ट्याने दिली जाऊ लागली तेव्हा अनेक गावांतून विरोध झाला, तो याच दारावरून.

दुसरी भूमिका ग्रामसमाजाची. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने आणि १९९६ च्या पेसा कायद्याने तिला बळ दिले. अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेला सामुदायिक साधनसंपत्तीच्या व्यवस्थापनाचा अधिकार आहे, आणि या पक्षाचे म्हणणे असे की तो अधिकार सर्वच गावांना लागू व्हावा. गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये जे प्रतिपादन केले की सर्वांच्या मालकीच्या कुरणाची अखेर नासाडीच होते, त्याला एलिनोर ऑस्ट्रॉमने १९९० च्या ग्रंथात जगभरच्या उदाहरणांनी उत्तर दिले आणि नियम करणारा, दंड करणारा समाज असेल तर सामाईक साधने शतकानुशतके टिकतात हे दाखवले. तिला २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा या पक्षाला मोठा दिलासा वाटला. भारतात एन. एस. जोधा यांनी १९८६ मध्ये सात राज्यांतील ऐंशीहून अधिक गावांच्या अभ्यासावरून कोरडवाहू प्रदेशात गरिबांचे जीवन सामाईक जमिनींवर किती अवलंबून आहे आणि त्या जमिनी किती वेगाने आटत आहेत हे मांडले होते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९८ च्या चोपन्नाव्या फेरीत देशाच्या भौगोलिक क्षेत्रापैकी सुमारे १५ टक्के जमीन सामाईक आढळली. मात्र ही गणना कायद्याने सामाईक असलेल्या जमिनीची होती, आणि ज्या खाजगी पडीकावर गावाची गुरे पिढ्यानुपिढ्या चरत आली ती त्या आकड्यात नाही.

तिसरी भूमिका भूमिहीनांची, आणि महाराष्ट्रात या वादाला जे निराळे वळण मिळाले ते हिच्यामुळे. गाव म्हणजे कोण, हा तिचा प्रश्न आहे. ज्या गावाच्या पाणवठ्यावर अस्पृश्यांना मज्जाव होता, त्या गावाच्या सामाईक मालकीत त्यांचा वाटा किती होता? डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत १९४८ मध्ये ग्रामप्रजासत्ताकांच्या कौतुकावर जी कठोर टीका केली, तिचा सामाईक जमिनीशी थेट संबंध नसला तरी या पक्षाची विचारसरणी तेथूनच सुरू होते. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. पडीक आणि सरकारी जमीन भूमिहीनांना कसण्यास द्यावी ही त्यांची प्रमुख मागणी होती, आणि दुसऱ्या सत्याग्रहात देशभर मोठ्या संख्येने लोक तुरुंगात गेले. त्यानंतर मराठवाड्यात, विशेषतः बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत, एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने गायरान कसणाऱ्या दलित कुटुंबांची बाजू लावून धरली.

या चळवळींच्या दबावाने शासनाने १९७८ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर १९९१ मध्ये निर्णय काढून अनुसूचित जाती-जमातींच्या व इतर पात्र भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. दुसऱ्या निर्णयासाठी १४ एप्रिल १९९०, म्हणजे आंबेडकर जन्मशताब्दी वर्षाचा प्रारंभदिन, ही मुदत धरली गेली. त्या दिवसापूर्वीचा कब्जा सिद्ध करावयाचा तर कागद हवा. तलाठी दप्तरातील एक-ई ही अतिक्रमणांची नोंदवही, पीकपाहणीतील नोंद, आणि तहसीलदाराने अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाची पावती हे मुख्य पुरावे ठरले. ज्याने दंड भरला त्याचा कब्जा सिद्ध झाला आणि ज्याला महसूल खात्याने कधी हटकलेच नाही तो बिचारा पुराव्यावाचून राहिला, हा दप्तरी न्याय विनोदी वाटला तरी हजारो कुटुंबांचे भवितव्य त्यावर ठरले आहे.

या तिन्ही पक्षांच्या बाहेर एक चौथा माणूस राहतो, आणि तो म्हणजे मेंढ्यांचा कळप घेऊन पश्चिम महाराष्ट्रातून कोकणात उतरणारा आणि पावसाळ्यापूर्वी परतणारा धनगर. चराईचा हक्क गावाच्या गुरांपुरता मर्यादित करणारे कलम त्याला प्रत्येक गावात परकाच ठरवते. वनहक्क कायद्याने हंगामी चराईची परंपरागत वहिवाट मान्य केली आहे, परंतु ती वनजमिनीपुरती. गायरानाच्या मालकीवर लिहिणाऱ्यांनी, आणि त्यांत विद्वानही आले, या माणसाचा विचार फारच थोडा केला आहे.

२०११ नंतर

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात निवाडा दिला. वाद पतियाळा जिल्ह्यातील एका गावतलावाचा होता, परंतु न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांच्या पीठाने सर्व राज्यांना ग्रामसमाजाच्या जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याच्या योजना आखण्याचा आदेश दिला, आणि दीर्घ ताबा, केलेला खर्च किंवा राजकीय हितसंबंध हे नियमितीकरणाचे कारण होऊ शकत नाही असे बजावले. त्याच निवाड्यात अपवादही आहे: भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना शासकीय अधिसूचनेने पट्टा दिला असेल, किंवा जागेवर शाळा, दवाखाना अशी लोकोपयोगी सोय असेल, तेथेच नियमितीकरणाचा विचार व्हावा. महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी या निवाड्यास अनुसरून निर्णय काढला, आणि त्या दिवसापासून गायरानाच्या व्यवहारात ही तारीख सीमारेषेसारखी वापरली जाऊ लागली.

२०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन हा प्रश्न हाती घेतला. शासनाने दिलेल्या माहितीनुसार राज्यातील सुमारे साडेचार लाख हेक्टर गायरानापैकी दहा हजार हेक्टरांच्या आसपास क्षेत्र अतिक्रमित होते आणि अशा अतिक्रमणांची संख्या सव्वादोन लाखांच्या घरात होती. प्रमाण अल्प वाटते; पण गायरानाचा जो भाग गावठाणाला लागून असतो तोच घरांखाली जातो, आणि लांबचा माळ कागदावर शाबूत राहतो. न्यायालयाने वर्षअखेरीपर्यंत अतिक्रमणे काढण्याचे निर्देश दिले, गावोगावी नोटिसा निघाल्या, गायरानावर घरे बांधून राहिलेल्या कुटुंबांत घबराट पसरली, आणि पुढे या नोटिसांची कारवाई काही काळ न्यायालयानेच थांबवली. जगपाल सिंग निवाड्यातील अपवाद आणि १९९१ चा शासननिर्णय यांची सांगड कशी घालावयाची, आणि शेतीचे अतिक्रमण व निवाऱ्याचे अतिक्रमण यांना एकच माप लावावे काय, हे प्रश्न तेव्हापासून खुले आहेत.

झुडपी जंगल आणि वनहक्क

पूर्व विदर्भात हाच वाद निराळ्या नावाने चालतो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत झुडपांनी व्यापलेली, मूळची चराईची आणि निस्ताराची जमीन महसूल दप्तरात 'झुडपी जंगल' म्हणून लिहिली गेली. १९८० चा वनसंवर्धन कायदा आला आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात वन या संज्ञेचा व्यापक अर्थ लावला, तेव्हा या जमिनींवर उभी राहिलेली घरे, शाळा, कार्यालये, स्मशाने सारीच संशयास्पद झाली. अखेर २२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने निर्णय दिला की झुडपी जंगल हे वनच होय. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने केलेल्या वाटपांना केंद्राच्या संमतीच्या मार्गाने संरक्षण मिळावे. निकालात चर्चिले गेलेले क्षेत्र ८६,४०९ हेक्टर आहे. गावाच्या दृष्टीने पाहिले तर मालक तोच राहिला, म्हणजे राज्यच; फक्त महसूल खात्याच्या जागी वन खात्याचा शब्द अंतिम झाला.

याच भूभागात, धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाने दुसरा मार्ग चोखाळला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबू विक्रीसाठी वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. जमिनीची मालकी येथेही राज्याचीच आहे. ग्रामसभेला मिळाले ते संरक्षण, व्यवस्थापन आणि उत्पन्न. पुढे या गावाने ग्रामदान कायद्याखाली आपल्या खाजगी शेतजमिनीही गावाच्या नावे करण्याचे ठरवले. मालकी वेगळी आणि अधिकार वेगळे असा सौदा टिकाऊ ठरतो काय, याचा पडताळा घ्यावयाचा तर मेंढ्यासारखी गावे हीच प्रयोगशाळा होत. तथापि मेंढ्यात दीर्घकाळ चाललेला लोकशिक्षणाचा जो प्रयत्न आहे, तो सर्वत्र गृहीत धरता येत नाही.

गोवा: गावाच्या नावाची मालकी

गोव्यात चित्र नेमके उलटे दिसते. तेथील गावकरी पद्धतीत मूळ वसाहतकारांच्या वंशजांची, म्हणजे गावकारांची, संस्था हीच सामाईक जमिनीची मालक होती. पोर्तुगीजांनी ही पद्धत मोडली नाही. १५२६ मध्ये आफोंसो मेशिया याने तिच्या रूढी लिहवून घेतल्या, आणि पुढे कोमुनिदाद या नावाने तिला १९६१ च्या संहितेपर्यंत कायद्याचे रूप मिळत गेले. शेते, खाजने आणि डोंगर लिलावाने किंवा कायमच्या भाड्याने दिले जात, उत्पन्नातून देवळे, बांध, पाणी यांचा खर्च निघे, आणि उरलेल्याचा वाटा जोण म्हणून गावकारांत विभागला जाई. म्हणजे दख्खनच्या गावाजवळ जी कायदेशीर व्यक्तिता नव्हती, ती येथे होती.

परंतु त्यामुळे वाद मिटला नाही, उलट तो दुसऱ्या अंगाने तीव्र झाला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी जुन्या काबिजादीतील या ग्रामसंस्थांचा अभ्यास करून स्कंदपुराणातील कथा आणि इतिहास यांची तुलना केली आहे. ही संस्था म्हणजे गावातील सर्वांची संस्था नव्हती, हे त्या चर्चेत स्पष्ट होते. गावात राहणारा मुंडकार किंवा कुळ हा कोमुनिदादीचा सभासद नाही, आणि मुंबईत वा परदेशात स्थायिक झालेला गावकार मात्र सभासद आहे. कुळकायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने भातशेतीवरील मालकी कुळांकडे नेण्याची तरतूद केली तेव्हा कोमुनिदादींनी आपल्या मालमत्तेवर हा घाला मानला. सामाजिक न्यायाच्या पक्षाने त्याला वाजवी फेरवाटप म्हटले. २०२५ मध्ये कोमुनिदादीच्या जमिनीवरील २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीची घरे नियमित करण्यासाठी गोवा विधानसभेने संहितेत दुरुस्ती केली, तेव्हाही दोन्ही बाजूंचे युक्तिवाद जवळजवळ हेच होते.

उत्तरेकडील एक तुलना

पंजाब-हरियाणात शामलात देह म्हणजे गावाच्या मालकवर्गाची सामाईक जमीन. १९६१ च्या कायद्याने ती पंचायतीकडे गेली, पण चकबंदीच्या वेळी मालकांनी आपापल्या हिश्शातून सामाईक कामासाठी दिलेल्या आणि कोणत्याही प्रयोजनासाठी न राखलेल्या 'बचत' जमिनीचे काय, यावर हरियाणाच्या १९९२ च्या दुरुस्तीपासून दावे चालले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये पंचायतीच्या बाजूने निकाल दिला, २०२४ मध्ये तो मागे घेतला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बचत जमीन मूळ मालकांचीच ठरवली. साडेतीन वर्षांत एकाच न्यायालयाकडून उलटसुलट दोन निकाल येतात, यावरून प्रश्नाच्या काठिण्याची कल्पना यावी.

अनिर्णित राहिलेले

महाराष्ट्राच्या संदर्भात सर्वांत मोठा अनिर्णित मुद्दा असा की, कलम २० मधील लोकांचे हक्क अबाधित ठेवणारी अट नेमके काय राखते, याची सुसंगत न्यायालयीन मांडणी अद्याप झालेली नाही. झाली असती तर राज्याची मालकी ही विश्वस्ताची की धन्याची हे ठरले असते. दुसरा मुद्दा नोंदींचा. निस्तारपत्रके आणि वाजिब-उल-अर्ज अद्ययावत असती तर वहिवाट सिद्ध करण्यासाठी दंडाच्या पावत्यांची गरज पडली नसती. पण विदर्भाबाहेर ही दप्तरे फारशी रुजली नाहीत.

तिसरा मुद्दा मला अधिक चिंतनीय वाटतो. १४ एप्रिल १९९०, १२ डिसेंबर १९९६, १३ डिसेंबर २००५ (वनहक्क कायद्यातील मुदत), १२ जुलै २०११, २८ फेब्रुवारी २०१४ : सामाईक जमिनीचा कायदा हळूहळू तारखांचा कायदा झाला आहे. कोण मालक, याऐवजी कोण कधीपासून, हाच प्रश्न तहसील कचेरीत आणि न्यायालयात विचारला जातो. तारखेने अतिक्रमकांची विभागणी होते, गावाचा हक्क मात्र कोणत्याच तारखेने ठरत नाही. प्रत्येक नव्या मुदतीबरोबर पुढच्या मुदतीची अपेक्षा उत्पन्न होते, हा आक्षेप निवाड्यांनीही घेतला आहे आणि अनुभवानेही खरा ठरवला आहे. यावर भूमिहीनांच्या बाजूचे उत्तर असे की, वाटपाचा कार्यक्रम राज्याने प्रामाणिकपणे राबवला असता तर मुदतींची गरजच भासली नसती, आणि ते उत्तरही सहज खोडून काढण्यासारखे नाही.

२०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणांची मोजणी चालू आहे आणि घरमालकांना मिळकत पत्रिका मिळत आहेत. ही मोजणी गावठाणापुरती आहे. गायरानाची हद्द तिच्या कक्षेबाहेर राहते. उद्या तीही मोजली गेली, तरी सर्व्हे नंबरापुढील रकान्यात नाव कोणाचे लिहावयाचे, राज्याचे, पंचायतीचे, ग्रामसभेचे की कसणाऱ्याचे, याचा निर्णय विधिमंडळाला किंवा न्यायालयाला करावा लागेल, आणि मेंढपाळाच्या हंगामी वहिवाटीसाठी त्या उताऱ्यावर आजमितीस रकानाच नाही.